सयामी मांजरीची चोरी: मोठेपणी परत वाचताना नेमकं काय तपासायचं? (शेवट फोडला आहे)

औदुंबरवाट

एनिड ब्लायटनचं 'द मिस्टरी ऑफ द डिसअपिअरिंग कॅट' हे १९४४ चं पुस्तक. पीटर्सवुड गावातली पाच मुलं आणि बस्टर कुत्रा यांच्या मालिकेतलं हे दुसरं. मालिकेत एकूण १५ पुस्तकं, १९४३ पासून १९६१ पर्यंत. लेडी कॅंडलिंगच्या मांजरघरातून 'डार्क क्वीन' नावाची बक्षिसं मिळवणारी सयामी मांजर नाहीशी होते. आळ येतो बागेत मदतीला ठेवलेल्या ल्यूक या गरीब पोरावर, आणि फॅटी, लॅरी, डेझी, पिप, बेट्स ही मुलं खरा चोर शोधतात. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांनी इथेच थांबावं, पुढे सगळं उघड लिहिलंय.

मुलं हे पुस्तक 'कोणी नेली?' म्हणून वाचतात. मोठ्या माणसानं दुसऱ्यांदा वाचताना प्रश्न बदलावा: दुपारी जी दिसली ती डार्क क्वीनच होती, हे ठरवलं कोणी आणि कशावरून? पुस्तकाचं सगळं वजन या एका जागी आहे.

वही आडवी धरा आणि चार रकाने आखा. वेळ. कोण कुठे होतं. मांजर दिसली का. आणि शेवटचा, सगळ्यात रुंद रकाना: ती ओळखली कशावरून. प्रकरण वाचून झालं की लगेच भरायचं, पुस्तक संपल्यावर नाही, कारण उकल कळली की मन मागे जाऊन नोंदी सुधारतं. तीन-चार पानांतच दिसतं की चौथ्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द येतो: शेपूट. डार्क क्वीनच्या काळ्या शेपटीत, जुन्या चाव्याच्या जागी, फिक्या केसांचा पट्टा आहे. ज्याला त्याला तेवढंच ठाऊक. मांजरींना रोज खायला घालणारी मिस हार्मर एका नजरेत चेहरा ओळखेल, पण ती नेमकी त्या दिवशी बाहेर.

माळी टपिंग मांजर सकाळीच हलवतो. उरलेल्यांपैकी एकीच्या शेपटीवर फिका रंग लावतो. दुपारी पाहुणे शेपूट बघून समाधानानं परततात. मग टपिंग पिंजऱ्यात शिरतो, टर्पेंटाइनच्या बोळ्यानं रंग पुसतो आणि मांजर 'आत्ता' गेली असं होतं. मधल्या वेळात पिंजऱ्याजवळ काम करत कोण होता? ल्यूक.

वाचन मंडळात ९ ते १२ वयाच्या मुलांबरोबर हे घ्यायचा विचार आहे, सांगलीत. त्याआधी मोठ्यांनी हे नीट उलगडून बघावं म्हणून धागा काढला. रंग, मांजर, पोलीस, ज्याला जे कळतं त्यानं ते लिहावं.

माणदेशी_मेंढका

ताई, ह्यात पयली चूक बगा. कुनी मांजरं मोजलीच न्हाईत.

शेपूट बगितली, खूण बगितली, गेली. पर एक जनावर सकाळीच कमी झालंय ना? मंग दुपारी पिंजऱ्यात एक कमीच असनार. चार असतील तर तीन, पाच असतील तर चार. मेंढरं राखनारा मानूस आदी मोजतो, मंग बगतो. सांजच्याला जाळीच्या वाघरीत घालताना एक फट ठेवायची, जोडीजोडीनं आत सोडायची, आनि एकानं फक्त मोजायचं, दुसऱ्यानं फक्त हाकायचं. मोजनाऱ्यानं हाकायला गेलं की चुकलंच. खूण नंतर.

खूण बगनाऱ्याला फसवता येतं. मोजनाऱ्याला फसवायचं तर दुसरं जनावर आनून घालावं लागतं, आनि तितं चोराचं काम अवघड हुतं.

औदुंबरवाट

आण्णा, हे मोठं सापडलं. चार रकान्यांत पाचवा वाढवते: किती होती.

पशुवैद्य_मिरज

शेपटीच्या खुणेबद्दल. लेखिकेनं ही खूण विचार करून निवडली की सहज जमून गेली ते ठरवता येणार नाही, पण शास्त्राला ती धरून आहे.

सयामी मांजरीच्या केसांचा रंग तापमानावर ठरतो. काळा रंग तयार करणारं विकर (एन्झाइम) तिच्यात असं असतं की ते अंगाच्या नेहमीच्या ३८-३९ अंश सेल्सिअसला नीट काम करत नाही, थंड भागातच करतं. म्हणून नाक, कान, पाय, शेपूट गडद आणि पोट-पाठ फिकी. आईच्या पोटात सगळीकडे ऊब, म्हणून पिल्लं जवळजवळ पांढरी जन्मतात आणि पुढच्या काही आठवड्यांत टोकं गडद व्हायला लागतात.

आता चावा. जखम भरताना तिथे रक्तपुरवठा वाढतो, जागा गरम राहते, त्यामुळे त्या काळात उगवणारे केस फिके येतात. उलट पाठीवरचे केस कापले आणि थंडी असली तर तिथे गडद केस उगवतात. म्हणजे काळ्या शेपटीत चाव्याच्या जागी फिका पट्टा, हे अगदी शक्य.

पण याचा दुसरा अर्थ मोठ्यांनी लक्षात घ्यावा. असा पट्टा कायमचा असेलच असं नाही. जखम भरून गेल्यावर पुढच्या केसगळतीनंतर तिथे पुन्हा काळे केस येऊ शकतात. रंग देणाऱ्या पेशीच मेल्या असतील तरच पांढरी खूण राहते. म्हणजे ज्या एका खुणेवर सगळं गाव मांजर ओळखतं, ती खूण वर्षभरात आपोआप पुसट होण्यातली आहे. जनावराच्या ओळखीसाठी रंगापेक्षा न बदलणारं काहीतरी लागतं. त्याबद्दल पुढे लिहितो.

आणि एक गोष्ट मुलांना वाचून दाखवताना आवर्जून सांगा. टर्पेंटाइन मांजरीला लावणं धोक्याचं आहे. कातडी भाजते. मांजर दिवसातला मोठा वेळ अंग चाटण्यात घालवते, त्यामुळे ते पोटात जातं. लाळ गळणं, ओकाऱ्या, झोकांड्या, आणि ओकताना ते फुप्फुसात गेलं तर त्याहून वाईट. अशा वेळी मुद्दाम ओकारी काढायला लावू नये. मांजरीला खरंच ऑइल पेंट लागला तर:

ओला असेल तर खाण्याचं तेल कापसावर घेऊन रंग सैल करायचा, पुसायचा, मग कोमट पाणी आणि सौम्य साबणानं दोनदा धुवायचं, म्हणजे तेलही निघतं. वाळला असेल तर तेवढे केस कात्रीनं कापून टाकायचे, कातडीला समांतर कात्री धरून. काम होईपर्यंत चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर. रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन यांपैकी काहीही नाही.

रंगपेटी

मी रंगाच्या बाजूनं. टर्पेंटाइनचा वास हा पुस्तकातला सगळ्यात चांगला सुगावा, कारण त्यावरून उलटं चालत जाता येतं.

टर्पेंटाइन लागलं, म्हणजे रंग तेलाचा होता. पाण्याच्या रंगाला ओला कपडा पुरला असता. पुढचा प्रश्न वाळण्याचा. चित्रकाराचा तैलरंग हाताला न लागण्याइतका वाळायला दिवस जातात. दरवाजा-खिडक्यांचा इनॅमल पातळ थरात चार-सहा तास घेतो, इंग्लंडच्या ओलसर हवेत त्याहून जास्त. टपिंगला मिळाली सकाळ ते दुपार. त्यातून रंग काळ्या केसांवर फिका दिसला पाहिजे, म्हणजे तो झाकणारा, दाट हवा. दाट थर आणखी हळू वाळतो.

तेव्हा खरं तर दुपारी तो रंग ओला किंवा चिकट असण्याची शक्यता जास्त. यातून दोन गोष्टी निघतात. एक, ओला असल्यानंच तो बोळ्याच्या एका-दोन पुसण्यांत निघाला. पूर्ण वाळलेला इनॅमल टर्पेंटाइननं इतक्या झटपट निघत नाही. म्हणजे पुस्तकातली पुसापुशी जुळते. दोन, ओल्या रंगाची शेपूट घेऊन मांजर चार-पाच तास बसली तर बाकावर, जाळीला, दुसऱ्या मांजरींच्या अंगावर रंग लागायलाच हवा. मुलांना रंगाचा ठिपका सापडतो, हे त्यामुळे पटतं. एक ठिपका मात्र फारच कमी आहे. शोधायला गेलं तर बाकाच्या कडेला केस चिकटलेला डाग मिळाला असता.

आज कोणी असली गोष्ट लिहायला घेतली तर ॲक्रिलिक वापरायचा मोह होईल, कारण पातळ थर १५-२० मिनिटांत वाळतो. तो मोह टाळा. वाळलेला ॲक्रिलिक टर्पेंटाइनला दाद देत नाही, वासाचा सुगावाही जातो, आणि गोष्ट लंगडी पडते.

ठाणे_अंमलदार

या पुस्तकातल्या गून हवालदाराला सगळे हसतात. हसण्यापेक्षा त्याची चूक नेमकी कुठे ते बघा, कारण तीच चूक आजही होते.

'शेवटची दिसली' आणि 'चोरी झाली' या दोन वेळा त्यानं चिकटवल्या. शेवटचं पाहिल्याची वेळ ही फक्त साक्षीदाराचं म्हणणं असते. ती चोरीच्या वेळेची अलीकडची हद्द केव्हा ठरते? पाहिलेली वस्तू तीच होती हे वेगळ्या मार्गानं सिद्ध झालं तर. त्याआधी चौकशीचा काळ मागे न्यावा लागतो, जिथे वस्तू नीट ओळखणाऱ्यानं पाहिली तिथपर्यंत. इथे तो माणूस म्हणजे मिस हार्मर. ती घराबाहेर पडली त्या क्षणापासून पुढचा सगळा काळ संशयाचा. एवढं धरलं की ल्यूकवरचा आळ पहिल्याच दिवशी ढिला पडतो.

मुद्देमालाची ओळख पटवण्याची रीत अशी की चोरीच्या वस्तूसारख्याच दुसऱ्या वस्तू सोबत ठेवायच्या आणि साक्षीदाराला त्यातून निवडायला लावायचं. कोणी सुचवायचं नाही, बोट दाखवायचं नाही. पुस्तकात नेमकं उलटं होतं, पाहणाऱ्याला खूण आधीच ठाऊक आहे आणि तो फक्त खूण शोधतो.

दुसरी चूक मुलांची. ल्यूक कोरतो तसली शिट्टी पिंजऱ्यात सापडते आणि मित्राला वाचवायला मुलं ती उचलतात. वर गूनला चकवायला खोटे पुरावे टाकतात. वाचायला मजा येते, पण इथं थांबून मुलांशी बोलायला हवं. ती शिट्टी जागेवर राहिली असती तर तीच ल्यूकच्या बाजूनं बोलली असती: ज्याच्यावर सगळ्यांची नजर आहे तो पोरगा चोरी करून आपली ओळखीची वस्तू आत टाकून कशाला येईल, आणि पिंजऱ्यात शिरायची मुभा कोणाला होती? पुरावा हलवला की तो कुठे, कसा पडला होता हे कायमचं जातं.

आपल्याकडचा कायदा विचारला तर १ जुलै २०२४ पासून चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३. जनावर ही जंगम मालमत्ता, त्यामुळे मांजर, कुत्रा, मेंढा सगळं त्यात येतं. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. चोरलेला माल ५,००० रुपयांच्या आतला, आरोपीचा पहिलाच गुन्हा आणि माल परत दिला, तर समाजसेवेची शिक्षा. म्हणून तक्रारीत जनावराची किंमत आधारासकट लिहायची.

हरिपूररस्ता

अंमलदारसाहेब, ल्यूकबद्दल आणखी लिहा. मोठेपणी वाचताना सगळ्यात जास्त तेच टोचतं. मुलांना तो खेळ आहे. ल्यूकला नोकरी जायची भीती, घरी सावत्र बापाची भीती, आणि साहेबाघरच्या माळ्याच्या शब्दापुढे त्याच्या शब्दाला किंमत शून्य. पुस्तक हे सगळं सांगतं, पण पटकन पुढे पळतं. वाचून दाखवताना त्या पानांवर वेग कमी करावा असं मला मनापासून वाटतं.

ठाणे_अंमलदार

बरोबर आहे तुमचं. आज इथे असं झालं तर १८ वर्षांखालच्या मुलाला बाल न्याय अधिनियम २०१५ लागतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही. बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं, पालकांना कळवायचं. साध्या चोरीसारख्या आरोपात मुलावर एफआयआर नोंदवत नाहीत, दैनंदिनीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. ठाण्यात बसवून दम देणं यात कुठेच बसत नाही. वाचन मंडळातल्या मुलांना हे ठाऊक असलेलं चांगलं.

बुकमार्क

याच जातीची एक थोरली गोष्ट जोडीला वाचावी: कॉनन डॉयलची 'सिल्व्हर ब्लेझ', १८९२ ची. चोरीला जातो शर्यतीचा घोडा, पांढऱ्या कपाळाचा. तिथेही खूण रंगानं झाकलेली आहे, आणि होम्स सांगतो की तोंड आणि पाय स्पिरिटनं धुतले की घोडा ओळखू येईल. ब्लायटनच्या गोष्टीत खूण रंगवून आणलीय, डॉयलच्या गोष्टीत रंगवून लपवलीय. दोन्ही शेजारी ठेवल्या की मुलांना युक्ती आतून दिसते.

रंगपेटी, स्पिरिटनं काय निघेल?

रंगपेटी

लाखेचं. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतात, त्यात रंग मिसळला तर तो स्पिरिटनंच निघतो. तेलाच्या रंगाला टर्पेंटाइन, लाखेला स्पिरिट. दोन्ही लेखकांनी रंग आणि पुसायचं द्रव्य यांची जोडी बरोबर जमवलीय.

माणदेशी_मेंढका

बुकमार्कदादा, त्या घोड्याच्या गोष्टीत मेंढरं पन हायत ना? तीन लंगडी.

बुकमार्क

हो आण्णा. घोड्याच्या पायाची शीर बारीक सुरीनं बेमालूम कापायची होती, त्याचा सराव घोड्याच्या शिक्षकानं मेंढ्यांवर केला. होम्स मेंढपाळाला विचारतो, मेंढ्यांना काही झालंय का. तो म्हणतो, तीन लंगडतायत.

माणदेशी_मेंढका

मंग त्यो मेंढका कच्चा. तीन लंगडली तर आदी खूर उचलून बगायचा. पावसात, चिखलात खूर कुजतात. बोटांच्या मदी लाल, वली जखम, आनि वास इतका घान की लांबनं कळतं. तसं आसंल तर सडलेलं खूर साळायचं आनि औषदाच्या पान्यात पाय बुडवायचे. १० लिटर पान्यात १ किलो झिंक सल्फेट, पाच-धा मिनिटं हुभी करायची, मंग कोरड्या जागी सोडायची. मोरचूद पन चालतं म्हनत्यात, पर मेंढराच्या पोटात तांबं जास्ती गेलं तर मरतं, पानी पिऊ द्यायचं न्हाई. म्हनून झिंकच बरं.

खूर साफ, वास न्हाई, सूज न्हाई, तरी लंगडतंय, आनि कळपात तीनच, ती बी एकाच पायानं? तर मंग कुनीतरी केलंय. हे पोरास्नी सांगा. लंगडनं ही खूण न्हवं, लंगडन्याचं कारन मिळत न्हाई ही खूण.

पशुवैद्य_मिरज

आण्णांनी अगदी निदानाच्या क्रमानं सांगितलं. आधी नेहमीचं कारण वगळायचं, मग वेगळ्याकडे वळायचं.

जत_कारवानी

'सिल्व्हर ब्लेझ'मधला न भुंकलेला कुत्रा सगळ्यांना पाठ असतो. रात्री तबेल्यात कोणी शिरलं, कुत्रा भुंकला नाही, म्हणजे शिरणारा घरचाच. मुलांना हा तर्क फार आवडतो, पण कुत्रा कुठल्या जातीचा आणि कसा वाढलेला यावर तो टिकतो.

आमच्या बाजूचे कारवानी, पश्मी हे नजरेनं शिकार धरणारे कुत्रे. ते मुळात कमी भुंकतात, परका माणूस आला तर बरेचदा गप्प राहून लांबून बघतात. अशा कुत्र्याच्या गप्प बसण्यावरून चोर घरचा ठरवणं चूक. रोज माणसांच्या वर्दळीत राहणारा कुत्रा, खाण्यानं वळणारा कुत्रा, जवळपास माजावर आलेली मादी असलेला नर, हे सगळे गप्प बसू शकतात. तर्क वापरायचा तर आधी एक नोंद लागते: हाच कुत्रा, याच वेळी, परक्यावर नेहमी भुंकतो का? त्या गोष्टीत तबेल्याचा राखणदार कुत्रा आहे, आणि वर झोपलेली पोरं जागी झाली नाहीत असंही सांगितलंय, म्हणून तिथे तो चालून जातो.

बस्टरबद्दल म्हणाल तर तो स्कॉटी, बिळातली शिकार उकरून काढायला पैदास केलेली जात. गूनच्या पायाला झोंबणं त्याच्या जातीला शोभतं.

बेंदूर

हीच युक्ती आपल्या भागात घडवायची तर? सयामीऐवजी खिल्लार खोंड घ्या. आटपाडी-खरसुंडीचा बाजार, नाहीतर पुसेगावची यात्रा. रंगाची अडचण नाही, बेंदराच्या सणाला शिंगं साळून हुरमुंज नाहीतर ऑइल पेंट लावतातच, त्यामुळे गोठ्यात रंगाचा डबा आणि टर्पेंटाइन असणं संशयाचं ठरत नाही. चोराला याहून चांगली आडोशाची जागा नाही.

पण युक्ती टिकणार नाही, आणि का टिकणार नाही तेच लिहिण्याजोगं आहे. बैल ओळखणारा माणूस रंग बघतच नाही. तो आधी दात बघतो. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. दुधाचे दात असलेला आदत, अडीच वर्षांच्या आसपास पहिली जोडी बदलून दुसा, साधारण साडेचार-पाचला सगळे दात बदलून जुळलेला. दुशाच्या जागी चौसा उभा केला तर जबडा उघडताच कळतं. मग भोवरे. कपाळावर, पाठीवर, वशिंडापाशी केसांचे भोवरे कुठे आहेत हे घेणारा बोटानं चाचपतो, आणि ते रंगानं हलत नाहीत. शिंगांची ठेवण, गळ्याखालची पोळी, शेपटीचा गोंडा हे त्यानंतर.

म्हणजे इथल्या गोष्टीत चोराला अशा दिवशी काम करावं लागेल की दात-भोवरे बघणारा माणूस बाहेर आहे आणि जनावर दाखवणारा फक्त रंगावर जाणारा आहे. मिस हार्मरचीच जागा. शहरात शिकणारा घरचा मुलगा पाहुण्यांना बैल दाखवतोय, असं घेता येईल.

माणदेशी_मेंढका

माडग्याळी मेंढा घ्या की. पोपटाच्या चोचीगत नाक, लांब लोंबते कान, पांढऱ्यावर तपकिरी ठिपकं. किंमत लाखात जाती, चोरी पटती. आनि कोकरू चोरीला गेलं, परत मिळालं, पर कुनाचं त्यावर वाद, तर पंच लागत न्हाईत. कळपात सोडायचं. कोकरू आईकडं पळतं, आनि मेंढी शेपटीखाली हुंगून आपलंच असंल तरच पाजती, परक्याला डोस्क्यानं ढकलती. दोन-तीन दिसांत नेलं तर चालतं. लई दिस गेलं, दूध आटलं, की मेंढी बी वळखत न्हाई.

औदुंबरवाट

शेवटच्या प्रकरणासाठी याहून चांगला प्रसंग सुचणार नाही. सगळे जमलेत आणि निकाल मेंढी देते.

पण दुसरी मांजर आणून आकडा जुळवला तर काय होईल? आण्णा म्हणाले चोराला अवघड जाईल.

पशुवैद्य_मिरज

फार अवघड. मांजरी एकमेकींना वासानं ओळखतात. एकत्र राहणाऱ्या मांजरींमध्ये परकी सोडली की फिसकारणं, गुरगुरणं, फुगलेली शेपूट, कोपऱ्यात दबून बसणं, खाणं सोडणं. नवी मांजर रुळवायला आठवडे लागतात: आधी वेगळ्या खोलीत, अंथरुणांची अदलाबदल, मग जाळीआडून जेवण. सयामी तर आवाजाला मोठी. पाहुण्यांना शेपटीकडे बघायची उसंतच मिळाली नसती. टपिंगनं आतलीच मांजर रंगवली हे त्याच्या दृष्टीनं शहाणपणाचं, फक्त आकड्याची उणीव राहिली, आणि ती पकडायला एक मेंढपाळ हवा होता.

न बदलणाऱ्या ओळखीबद्दल लिहीन म्हटलं होतं. मायक्रोचिप: तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी, साधारण १२ मिमी लांब, २ मिमी जाड, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईनं घालतात. त्यात १५ अंकी क्रमांक. लोकांचा गैरसमज असा की तिच्यावरून जनावर कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं. दिसत नाही. तिला बॅटरी नसते, वाचक यंत्र अंगाजवळ आणल्यावरच क्रमांक कळतो, आणि तो क्रमांक तुमच्या नावावर नोंदवलेला नसेल तर उपयोग शून्य. लसीच्या कार्डावर तो स्टिकर लावून घ्या. गाई-म्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला १२ अंकी, पण तो कापून काढता येतो, मागे भोक राहतं. गाईबैलांच्या नाकपुडीवरचा ठसा माणसाच्या बोटाच्या ठशासारखा प्रत्येकाचा वेगळा.

फोटो काढताना दोन्ही बाजू, समोरून चेहरा, शेपूट, तोंड उघडून दात. आणि हरवल्याचा कागद गणपती पेठेत, मार्केट यार्डात लावाल तेव्हा एक खूण मुद्दाम लिहू नका. बक्षिसासाठी फोन करणाऱ्याला तीच विचारायची. सगळ्या खुणा छापल्या तर खोटा माणूसही बरोबर उत्तर देतो. डार्क क्वीनचं नेमकं हेच झालं, तिची एकमेव खूण सगळ्या गावाला पाठ होती.

शब्दफोड

भाषांतर करून वाचणाऱ्यांसाठी एक जागा. मालिकेच्या पहिल्या पुस्तकात धाकटी बेट्स 'क्लू'ला 'ग्लू' म्हणते. मराठीत 'पुरावा' घेतला तर बोबडा होत नाही. 'धागेदोरे' घ्या आणि बेट्सच्या तोंडी 'डागेदोरे' घाला. या पुस्तकात पुढे रंगाचा डागच सापडतो, त्यामुळे पोरीची चूक खरी ठरते. गूनचं 'क्लिअर ऑर्फ' सांगली-मिरजेत 'सुटा हितनं!' याहून चांगलं होणार नाही. 'निघून जा' म्हटलं की हवालदार मास्तर होतो.

औदुंबरवाट

'डागेदोरे' घेतलंच.

आता मुलांसाठीचा प्रयोग, चुका दाखवा. काळे शाळेचे मोजे पाच, प्रत्येकात मूठभर कापूस भरून तोंड शिवायचं. एकाला टोकापासून चार बोटांवर पांढऱ्या दोऱ्याचे सहा-सात टाके, ती 'राणी'. मुलांना जवळून दाखवायची, हातात द्यायची. मग पुस्तक वाचायला बसायचं. दरम्यान एक जण राणी उचलतो आणि उरलेल्या एकावर त्याच जागी खडूनं पट्टा ओढतो. सहा फुटांवरून सगळ्यांना दाखवायचं: राणी आहे ना? मग ओल्या फडक्यानं पट्टा पुसायचा आणि 'गेली!' म्हणून ओरडायचं. दहा मिनिटं वेळ देऊन प्रत्येकानं कधी गेली ते चिठ्ठीवर लिहायचं, एकमेकांशी न बोलता. उकलीचं प्रकरण त्यानंतरच उघडायचं.

रंगपेटी

खडू मोज्यावरून झडतो आणि टेबलावर पांढरी भुकटी पडते, मुलं लगेच पकडतील. पांढरा पोस्टर कलर दाट घ्या, कोरड्या ब्रशनं फक्त लोकरीच्या टोकांवर फिरवा, दहा मिनिटांत वाळतो. ओल्या फडक्यानं एकदा नाही निघणार, दोनदा पुसावं लागेल, आणि मोजा ओला राहील. ते राहू द्या. ओला मोजा हाच तुमचा टर्पेंटाइनचा वास.

ठाणे_अंमलदार

दाखवणाऱ्यानं 'राणी आहे ना?' विचारू नये, तो प्रश्नच उत्तर देतो. अर्ध्या मुलांना 'राणी आहे ना?' विचारा, अर्ध्यांना 'काय दिसतंय?' विचारा. दोन्ही गटांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवा.

माणदेशी_मेंढका

आनि मोजं पाच हायत ह्ये पोरास्नी आदी सांगू नका. शेवटाला इचारा, सुरवातीला किती हुतं, दुपारी किती हुतं. ज्या पोरानं न सांगता मोजलं आसंल, त्येला राणी द्या.